कोंबडीखालची शेरवानी

निजामाचं राज गेलं ना, तवा आमच्या घरी पयलं काय बदललं, सांगू? खुडूक कोंबडीचं अंथरून!

माहा बाप आदिलाबादले तहसील कचेरीत कारकून होता. तिथं शेरवानी घालूनच जा लागे. राज गेलं, आता शेरवानीचं काय काम, म्हनून मायनं ती टोपल्यात अंथरली, तेरा अंडे ठेवले अन् वर कोंबडी बसवली.

अन् एक दिस निरोप आला, नवे साहेब कचेरी पाहायले येऊन राह्यले. बापाची धांदल उडाली.

"माही शेरवानी कुठी हाये?"

"कोंबडीखाली," माय म्हने.

"उठव तिले! नोकरी जाईन माही."

"अन् अंडे थंड पडले मंग? आज एकोनिसावा दिस हाये. साहेबाले म्हना, दोन दिस थांबा."

बापानं सोताच हात घातला. कोंबडीनं अशी चोच मारली का रक्तच काढलं. बिचारा धोतर-सदऱ्यावरच गेला.

कचेरीत बाकी सारे शेरवानी घालून उभे, अन् साहेब खादीत! त्यायनं साऱ्यायले झापलं, "अजून निजामाचाच पोशाख?" मंग बापापाशी येऊन थांबले.

"शाब्बास! हे तुम्हाला कोणी सुचवलं?"

बाप चाचरला. "घरच्यायनं, साहेब."

"त्यांना माझा नमस्कार सांगा."

घरी माय दारातच उभी होती. बाप तिच्या बाजूनं सरळ आत गेला, टोपल्यासमोर वाकला अन् हात जोडून म्हने, "साहेबानं नमस्कार सांगतला हाये."