डोक्यावर ठेवलेला हात

जबाब देणारी: जॅझ वाजवणाऱ्या चौघांपैकी बासवाली, वय ४४ वर्षे, धंदा चष्म्याच्या दुकानात नोकरी, राहणार त्याच दुकानाच्या वरच्या मजल्यावर.

मी समक्ष विचारल्यावरून सांगते की, बास म्हणजे माणसाएवढे उभे तंतुवाद्य. माझी धाकटी बहीण सॅक्सोफोन वाजवते. तिचा घटस्फोटित नवरा पूर्वी आमच्यातच ड्रम वाजवायचा. त्याने तिच्या आसपासही फिरकू नये, असा कोर्टाचा हुकूम आहे.

काल संध्याकाळी पुस्तकांच्या दुकानाखालच्या तळघरात आमचा कार्यक्रम होता. जागा एवढीशी, की पहिल्या रांगेतल्यांचे गुडघे पियानोला लागतात. बहीण रंगात येऊन एकटी वाजवत असताना तिचा तो नवरा जिना उतरून दाराशी उभा राहिला. तिचा सूर मध्येच तुटला. लोकांना ती कलाकारी वाटली, त्यांनी टाळ्या वाजवल्या.

मी डोक्यावर हात ठेवला. आमच्यात याचा अर्थ, मूळ चालीवर परत या आणि आटपा. शेवटच्या टाळ्यांच्या गडबडीत तिला मागच्या दाराने गल्लीत काढावे, असा माझा विचार होता. तिला खूण कळली. त्यालाही कळली. ती खूण आम्हाला त्यानेच लावून दिलेली, पण भीतीने माझे डोकेच चालेना. तो माझ्याकडे बघून हसला आणि वर निघून गेला. मला हायसे वाटले. मोठी शहाणी मी.

वाजवणे संपताच बहीण मागून बाहेर पडली. तिची किंकाळी ऐकून मी व आमचा आताचा ड्रमवाला धावलो. गल्लीत त्याने तिचा उजवा हात धरलेला होता. मला म्हणाला, "ताई, अजून माझ्याच खुणेवर चालताय होय?" आणि आमच्यादेखत तिची दोन बोटे उलटी वाकवली. ड्रमवाल्याने स्टूल उगारले तेव्हा तो पळाला. हाडे मोडली आहेत. ती पुन्हा वाजवू शकेल का, हे मी डॉक्टरांना विचारलेले नाही.

आज सकाळी दुकानाच्या दाराची घंटा वाजली आणि माझ्या हातातला चष्मा पडला. आलेले गिऱ्हाईक म्हातारे गृहस्थ होते. त्यांनीच मला पाणी दिले.

बहीण सध्या कुठे आहे, असे साहेबांनी विचारले. या कागदाची नक्कल त्याला मिळते का, असे मी विचारले. साहेब म्हणाले, "पुढे द्यावी लागते, बाई. कायदाच आहे." म्हणून पत्त्याची ती जागा कोरी सोडायला मी सांगितले.

जबाब मला मोठ्याने वाचून दाखवला, तो मी नीट ऐकला. मी सांगितले तेवढेच त्यात आहे.