कोपराचं माप

नाही, नाही, बाथरूम नंतर. आधी इकडे या — चप्पल राहू द्या हो पायात, ही फरशी काय कालची आहे — आधी स्वयंपाकघर. ह्यांनी तुम्हाला फोनवर काय सांगितलं ते मला पाठ आहे. बाथरूमला धरायला दांडे, उंबरे काढायचे, ताईच्या खोलीला रंग, आणि वर ते नेहमीचं — जरा विचार करून करा, ताईला त्रास होता कामा नये. म्हणाले की नाही? म्हणणारच. भाऊ आहेत ना. महिनाअखेरीला हे त्यांच्या थोरल्या बहिणीला, म्हणजे माझ्या नणंदेला, घेऊन येतायत. कायमचं. पडल्या त्या, खुब्याचं हाड मोडलं. वाईट झालं म्हणायचं असतं, मीही म्हटलं. फोन ठेवला आणि खाली बसून हसले — हसले म्हणजे, तसं नाही — तुम्ही ते सोडा. विचार करून करा म्हणतात ना? मी इतका विचार केलाय, मिस्त्री, इतका केलाय, की तुम्ही नुसती टेप धरायची. धरा. इथे, ओट्यापाशी. शेगडीवर दूध ठेवलंय, तेवढं सांभाळून.

किती भरला? नका सांगू, आकडा नको मला. माझ्याकडे बघा आणि ओट्याकडे बघा — दिसला ना आकडा? हसा, सगळेच हसतात. ही मी, हा ओटा, आणि हे माझं स्टूल. लग्न होऊन आले तेव्हापासून ह्या स्टुलावर चढून रांधतेय. चहाला चढायचं, साखर घ्यायला उतरायचं, भाजी परतायला चढायचं, दार वाजलं की उतरायचं, तोवर भाजी लागली की पुन्हा पळत येऊन चढायचं. लोक एखादा डोंगर चढून येतात तर घरभर फोटो लावतात. मी रोज घरात बसल्या बसल्या तेवढं चढते, माझा कुणी एक काढला नाही.

मला सांगा, तुम्ही लोक ओट्याचं माप कसं घेता? कोपराचं ना? बाईला उभं करायचं, कोपर दुमडायला लावायचं, आणि त्याच्या खाली थोडी जागा सोडून रेघ मारायची. ज्या बाईचं स्वयंपाकघर तिचं कोपर. बरोबर? मला कसं माहीत? मी होते की तिथे! लग्न ठरलं होतं, झालं नव्हतं, घर बघायला म्हणून बोलावलं होतं मला. सासूबाई आधीच गेलेल्या, घर सगळं वन्संच्या हातात, आणि वन्संनी घर नवं करायला काढलेलं — नवी सून येणार ना, तिच्यासाठी, असं येईल त्याला सांगत होत्या. मी बाहेर खुर्चीच्या कडेवर, हातात कप. आणि आतून मिस्त्री आला, म्हातारासा होता, टेप गळ्यात, आणि म्हणाला, स्वयंपाक कोण करणार? कोपर कुणाचं घेऊ? सगळे माझ्याकडे बघायला लागले. मी कप खाली ठेवला, उठले. बाही अशी जराशी वर घेतली, खरं सांगते तुम्हाला, इतकं बरं वाटलं होतं मला! आणि वन्सं म्हणाल्या, बस गं तू — तुझ्या मापाने बांधायला गेलो तर भातुकलीचं घर होईल. आणि स्वतःचं कोपर पुढे केलं. सगळे हसले. हेही हसले. मीही हसले, दुसरं काय करणार? उभी राहिले होते ना. उठून उभ्या राहिलेल्या माणसाला काहीतरी करावंच लागतं.

बरं, बांधला तर बांधला, मग स्वतः राबायचं की नाही त्यावर? छे. वर्षाच्या आत बाईसाहेबांना दुसऱ्या गावी नोकरी लागली आणि निघाल्या. कोपर गेलं, ओटा राहिला. मी ह्यांना म्हटलं, आता खाली घेऊ या की. हे म्हणाले, ताईला विचारतो. आणि ताई म्हणाल्या, माझ्या हातचं घर आहे, साधा खिळा ठोकायचा झाला तरी मला विचारायचं. झालं! मग काय, पुढच्या वर्षी बघू, त्याच्या पुढच्या वर्षी बघू — नुसता कोपराला गूळ लावून ठेवला माझ्या. आणि एक दिवस संध्याकाळी हे घरी आले ते हे स्टूल घेऊन. स्वतः केलेलं. पायांना रबर लावलेलं, मी घसरू नये म्हणून. काय तो चेहरा, काय तो आनंद! बायकोची तक्रार ऐकणारा नवरा शोधून सापडणार नाही, असं तोंडावर लिहिलेलं. आता अशा माणसावर रागवायचं तरी कसं? मी रागावलेच नाही. ह्यांच्या वाट्याचा रागही वन्संच्याच नावावर टाकला. तो आहे अजून.

ही बाही वर करते, बघा. हा डाग. घाबरू नका, जुना आहे. एका पायाचं रबर झिजलं होतं. मोठं पातेलं, आत उकळतं पाणी, आणि वन्सं सुट्टीला आलेल्या आणि माझ्या मागे उभ्या. सवयच ती त्यांची, माझ्या खांद्यावरून पातेल्यात बघायचं. मी स्टुलावर चढले तरी त्यांच्या कानाशी येते, कळलं? वाकायलासुद्धा लागायचं नाही त्यांना. पाणी कमी घातलंस गं. मीठ जास्त झालं गं. आच मोठी झाली गं. उंटावरून शेळ्या हाकायच्या, आणि उंटही घरचाच. तर मी मागे वळले, स्टूल गेलं, आणि पातेलं आलं अंगावर. हात असा लाल. मी किंचाळतेय — आणि वन्सं काय म्हणाल्या असतील? सांगा बघू. नाही सांगता यायचं, तुम्ही भल्या घरचे दिसता. म्हणाल्या, अगं, दगडाला तडा नाही ना गेला? दगडाला! आणि वाकल्या. माझ्या पातेल्यात बघायला कधी वाकल्या नाहीत त्या, दगड बघायला वाकल्या. कडेवरून बोट फिरवून बघितलं, इकडून तिकडे, आणि मग मला म्हणाल्या, हाताला गार पाणी लाव. त्या दिवशी ठरवलं मी. हा ओटा मी खाली आणणार. एक ना एक दिवस आणणार, आणि त्यांच्या डोळ्यांदेखत आणणार.

तर घ्या कोपर. हे माझं. दुमडलं. बाही पण वर आहे बघा आज. मारा पेन्सिलीने भिंतीवर रेघ. अजून खाली. घाबरताय काय, अजून थोडी. हं! बघा की, काय सुरेख दिसतेय. केवढी साधी रेघ, आणि केवढं आयुष्य गेलं तिच्यापायी. काळा दगड फोडून काढायचा, नवा पांढरा घालायचा, आणि जुन्या दगडाचा एक तुकडा मला ठेवा — बाथरूमच्या दारात पाय पुसायला बसवू. आणि मग वन्सं आल्या की मी अगदी गोड बोलणार. म्हणणार, वन्सं, तुमच्या हातचा चहा किती दिवसांत प्यायलो नाही हो आम्ही. आणि मग मी मागे उभी राहणार, हाताची घडी घालून. वाकू देत. पाठीत कळ येऊ दे. एक हात कंबरेवर, एक हात ओट्यावर, आणि मी म्हणणार, पाणी कमी घातलंत का हो वन्सं? आच मोठी झाली का? दुष्ट आहे मी? आहे. चांगलं वागून बघितलंय मी, त्याचं स्टूल मिळतं.

खोलीचं ना? चला सांगते, इथूनच सांगते, दूध आहे. पिवळा. वन्संना पिवळा रंग डोळ्यांसमोर चालत नाही, डोकं उठतं म्हणतात, म्हणून पिवळा. फिकट नव्हे, चांगला भडक, बघितल्यावर माणूस दचकला पाहिजे. छतालासुद्धा. ह्यांनी विचारलं तर म्हणा, प्रसन्न वाटतं, हल्ली असंच करतात. आणि बाहेर ते कपाट बघितलंत, काचेचं? त्यातले कप सगळे वन्संचे, कॉलेजात व्हॉलीबॉल खेळायच्या. जाळ्यावरून हात जायचा म्हणे त्यांचा. येणाऱ्या प्रत्येकाला सांगायच्या, आणि सांगताना माझ्याकडे बघायच्या. ते कपाट काढा तिथून, कप माळ्यावर. तिथे मी रोजच्या वापराचे डबे ठेवणार आहे. रोजच्या वापराचं हाताशी असावं, हो की नाही? त्यालाच विचार करून घर लावणं म्हणतात.

आता तिकडे काय मोजताय? दार? स्वयंपाकघराचं दार कशाला रुंद करायचं, मी काय एवढी — कोणाची खुर्ची? हां, ती. चाकांची. हो, म्हणाले होते हे. डॉक्टरांनी सांगितलंय, आता उभं राहणं विसरा, खुर्ची कायमची. तर मग करा दार रुंद, त्यात काय एवढं — का थांबलात? रेघेकडे काय बघताय? बोला ना. मघापासून मीच बोलतेय.

काय म्हणालात?

परत सांगा. हळू सांगा. खालची कपाटं काढली की खुर्ची सरळ ओट्याखाली जाईल, बरं. बसल्या बसल्या हात पुरेल, बरं. बसलेल्या बाईचं कोपर इथेच येतं — इथे? ह्याच रेघेवर? आमच्या दोघींचं माप आता एकच? आणि काय म्हणालात शेवटी — वहिनी, तुम्ही खरंच विचार केलाय त्यांचा? मी? मी त्यांचा? एवढं सगळं ऐकलंत आणि तुम्हाला हे कळलं?

थांबा, बोलू नका जरा. माझ्या डोक्यात त्या उभ्याच आहेत हो. पडल्याचं कळलं, हाड मोडल्याचं कळलं, खुर्ची कुठली घ्यायची ते मीच सांगितलं ह्यांना फोनवर, आणि तरी त्या माझ्या मागे उभ्याच. रोज रात्री मी त्यांना ह्या नव्या ओट्याशी वाकवतेय, आणि त्यांना तर वाकायचंच नाही. बसल्या जागी मिळणार सगळं. माझ्या मापाचा ओटा, आणि सोय कुणाची? त्यांची! म्हातारपणी भातुकलीच्या घरात बसून मजेत चहा करतील. आणि लोक म्हणतील, भावजय असावी तर अशी. वन्संही म्हणतील एखाद्या वेळी. आणि म्हणाल्या तर? मी काय करू मग? एवढा राग घेऊन जाऊ कुठे? माझ्याकडे तो ठेवायला दुसरी जागाच नाही हो.

पुसा ती रेघ. नाही पुसत? सरका, मी पुसते. हा पदर, हे थोडं पाणी. गेली. ओटा राहू दे. शुद्धीवर आहे मी. आहे तसाच राहू दे, काळा दगड, तीच उंची, खालची कपाटं तश्शीच. दार मात्र कराच रुंद, चांगलं ऐसपैस करा, उंबरा काढा, खुर्ची कशी थेट ओट्याला येऊन टेकली पाहिजे. त्यांच्याच दगडाची कड त्यांच्या छातीशी. शेगडी तोंडासमोर. आणि पातेल्यात काय शिजतंय ते काही केल्या दिसायचं नाही. विचारावं लागेल. मीठ घातलंस का गं? आच मोठी नाही ना गं? आणि विचारताना मान वर करावी लागेल, कारण मी स्टुलावर असेन. मी बघेन खाली, आणि सांगेन वाटलं तर. त्यांच्या कोपराचा ओटा आणि त्यांचंच कोपर पुरत नाही — मी केलं का हे? मी खिळासुद्धा ठोकला नाही. ह्यांनी विचारलं तर तुम्हीही हेच सांगायचं. ताईंच्या हातचं घर आहे, वहिनींनी हात लावू दिला नाही.

माझे गुडघे? माझ्या गुडघ्यांचं तुम्हाला कुणी सांगितलं? चढताना वाजतात, ऐकू आलं होय. वाजू देत. नका समजावू मला, दोघींना पुरेल, दोघींना पुरेल — लावलंय काय मघापासून! एकाच ओट्याशी, एकाच उंचीवर, जवळ जवळ बसून आम्ही दोघी भाजी चिरायची? त्यापेक्षा चढेन मी. मरेपर्यंत चढेन.

अगं बाई, दूध! सरका, सरका — नाही, तुम्ही नका बंद करू, माझी शेगडी आहे, मीच — ते स्टूल ढकला इकडे. हात नको. नको म्हटलं ना, सवय आहे मला. गेलं. सगळं गेलं उतू. जाऊ दे. हलतंय हो हे. पुढच्या खेपेला येताना चार रबरं घेऊन या स्टुलाला, चारही पायांना नवी. बाकी ह्या ओट्याशी तुमचं काही काम नाही. या तुम्ही आता.