जळक्या केकचा ठसा

पोस्टाच्या रांगेत माझ्यापुढे एक नवरा-बायको उभे होते. बायकोच्या हातात घरी केलेलं शुभेच्छापत्र होतं.

"अहो, हे काय करून ठेवलंत? बटाटा कोरून कोरून मी केकचा ठसा केला, वर चेरी उमटवल्या. तुम्हाला नुसतं रंगवायला दिलं, तर केक काळाकुट्ट!"

"ताईचा केक तसाच होता."

"म्हणून त्यांच्याच वाढदिवसाच्या कार्डावर? गेल्या वर्षी सगळ्यांसमोर त्यांच्या केकला कोळसा म्हणालात, तेव्हापासून वन्सं बोलत नाहीत. आता हे जखमेवर मीठ!"

"तीस वर्षं भिंती रंगवतोय मी. जसा नमुना, तसाच रंग. खोटा रंग माझ्या हातून होत नाही."

"गुलाबी दिला असता तर हात झडला असता?"

"गुलाबी पाहून ताईला वाटलं असतं, कार्ड तू केलंस आणि मी नुसती सही ठोकली. काळा पाहिल्यावर कळेल, हा माझाच भाऊ."

"कळेल आणि फाडून टाकतील."

"आतलं तर वाच."

"'ताई, रविवारी येतोय. तसाच केक कर. कडेचा तुकडा माझा.' कडेचा? म्हणजे सगळ्यात जळका?"

"त्या दिवशी चार खाल्ले होते मी. नावं ठेवत ठेवत."

रांग पुढे सरकली. नवऱ्याने पाकिटासाठी डिंकाची बाटली ओढली.

"थांबा, इतक्यात चिकटवू नका. तो काळा खडू आहे ना खिशात?"

"आहे. का गं?"

"या कडेला अजून थोडा फिरवा. एवढा कमी नव्हता जळला."