शॅननसाठी तीन कोटेशनं

खरं म्हणजे हे कुणाला सांगायचं नाही असं ठरलंय, समितीतलं बोलणं बाहेर जाता कामा नये असं पप्पांनी बजावलंय, पण तुम्ही काही आमच्या गास गावचे नाही, म्हणून सांगते... आमचे पप्पा विरारच्या एका वैद्यकीय संशोधन केंद्रात प्रशासकीय अधिकारी आहेत. म्हणजे डॉक्टर लोक शोध लावतात आणि त्यासाठी लागणारं सामान पप्पा त्यांना लवकर मिळू देत नाहीत. काचेची नळी असो की झाडू, तीन कोटेशनं आणा, मग सगळ्यात स्वस्त ते घ्या! एकदा प्रयोगाच्या उंदरांचं खाणं संपलं, तिसरं कोटेशन काही येईना, तेव्हा डॉक्टर विनिता मॅडम एवढंच म्हणाल्या, "इग्नेशियस साहेब, उंदरांना तुम्हीच समजवा." पप्पांनी काय करावं? आमच्या घरातले पाव नेऊन घातले. पण कोटेशनं तीनच!

तर माझी मोठी बहीण शॅनन त्याच केंद्रात सामानाची खोली सांभाळते. पंधरा दिवसांपूर्वी जेवताना म्हणाली, मला फ्लॉईडशी लग्न करायचंय, तो कामणच्या गोदामात सुपरवायझर आहे. पप्पांनी माशाचा काटा काढून ताटाच्या कडेला ठेवला आणि म्हणाले, "एकच स्थळ? तीन पाहिजेत." आता हे काय बोलणं झालं? शॅनन रडायला लागली, तर पप्पांनी स्वतःच दोन स्थळं शोधली, एक कुवेतचा, एक बोटीवरचा, आणि वर समिती बसवली. अध्यक्ष पप्पा, सदस्य मम्मी, आणि तिसरं कुणीतरी हवंच म्हणून मी. मी, जी वर्गात हजेरीसुद्धा पुटपुटत देते! मम्मीनं विचारलं, मग यातला सगळ्यात स्वस्त तो घ्यायचा का? तर पप्पा तिलाच म्हणे, मार्गारेट, मधे बोलू नकोस. अहो, सदस्यानं बोलायचं नाही तर बसायचं कशाला? आणि पप्पांना तर कुवेतवालाच आवडलेला, रविवारी चर्चमध्ये मिस्सा झाली की त्यांना हो कळवतो म्हणाले. म्हणजे आमची शॅनन चालली कुवेतला...

तेव्हा तिनं डोळे पुसले आणि ऑफिसात बोलते तशी बोलली. "गेल्या महिन्यात सूक्ष्मदर्शकाचा बल्ब तुम्ही एकाच कंपनीकडून घेतलात, तो कसा?"

"तो दुसरं कुणी बनवतच नाही. तसं लिहून दिलं की कोटेशनं लागत नाहीत. नियम आहे."

"मग फ्लॉईडही दुसरीकडे मिळत नाही. देते लिहून."

तुम्हाला सांगते, पप्पांनी तिच्याकडून ते खरंच कागदावर लिहून घेतलं. नियम त्यांचाच, मोडणार कसा? केलं मान्य. मला वाटलं, सुटलो बाई तीन कोटेशनांतून! कसलं सुटलो... असा माल घेतला की म्हणे वर्षभर चाचणी, दर महिन्याला अहवाल. आणि लिहिणार कोण? मम्मीला वेळ नाही, अध्यक्ष लिहीत नसतात. आज फ्लॉईड पहिल्यांदा चहाला आलाय, बाहेरच्या खोलीत बसलाय, पण त्याच्यासमोर माझी काही मान वर होत नाही, म्हणून आत पळून येईपर्यंत मी त्याचे फक्त बूट तपासलेत. डावा चांगला आहे, उजव्याची नाडी जरा...

"कार्मिन, कुठे गेलीस? तो हसतोय, लिहून घे."

आले पप्पा. बघा, आता वर बघावं लागणार, नाहीतर पहिल्या अहवालात नुसते बूटच जायचे.