परमुलखातून आलेलं "जेवलीस का?"

मंडळी, ऐका! परक्या देशाच्या सिरियली बघून आपली पोरं परकी होतात का हो? — डोलवा, डोलवा माना! मीही गावोगाव हेच ओरडत आलो. घसा बसला, पोरं काही मोबाइलमधून बाहेर आली नाहीत. थकलो बाबांनो!

एका गावी सप्ताहात हिंदुरावांकडं माझं जेवण होतं. नाव बदललंय — नाहीतर आत्ताच माना मागं वळतील! हिंदुराव म्हणाले, "बुवा, आमची शर्वरी कोरियाच्या सिरियलींनी बिघडली. देवापुढं हात जोडत नाही, अन् मोबाइलपुढं रडते! तिला माळ घाला. परत बघणार नाही अशी शपथ घ्यायला लावा. नाही ऐकलं, तर कॉलेज बंद!"

झालं! तुळशीची माळ माझ्या खिशात, पोरगी भिंतीला टेकून, डोळे भरलेले. आम्ही पुरुष पंगतीला बसलो. वाढतंय कोण? शर्वरीची आई, रत्नमाला. पुरणपोळी, कटाची आमटी, वर तुपाची धार! "बुवा, अजून एक घ्या." घेतली! बुवांचं पोट म्हणजे सार्वजनिक विहीर!

आम्ही ढेकर दिली. आणि पोरगी स्वयंपाकघराच्या दारात जाऊन म्हणाली, "आई, तू जेवलीस का?"

मंडळी, ती माउली पळी हातात धरून उभीच राहिली. पदर डोळ्याला लागला. "या घरात आल्यापासून मला हे कुणी विचारलं नव्हतं गं..."

हिंदुराव खेकसले, "हे कुठं शिकलीस?"

"सिरियलीत, बाबा. तिथं माणूस भेटलं की आधी हेच विचारतात."

आता बोला! आपलंच ना हे? पाव्हण्याला दारातच विचारतो, "जेवून आलात का?" पाव्हण्याला! अन् घरच्या बाईला? — का हो, टाळकरी, तुम्हीसुद्धा गप्प?

मी माळ काढली. "हिंदुराव, घालतो. पण तुम्हाला! शपथ एकच, घरातली उपाशी असताना ढेकर देणार नाही."

त्यांनी माळ घेतली नाही. उठले, स्वतः ताट घेतलं, बायकोला वाढायला वाकले. पातेल्यात आमटी नव्हती मंडळी. आम्हीच संपवली होती. कॉलेजचा विषय त्यांनी पुन्हा काढला नाही.

आपण टाकलेलं पोरगी परमुलखातून उचलून घरी घेऊन आली. तिला काय शपथ घालू?

मागं चुलीपाशी सकाळपासून बाया राबताहेत. आज पहिली पंगत त्यांची, वाढणारे तुम्ही. त्या जेवल्याशिवाय हा बुवा पानावर बसणार नाही. उठा, विचारा त्यांना. बोला, विठ्ठल... नाही, राहू दे. आधी विचारून या. मग बोलू.