झेंडूचा हार आणि तिसरी ओळ

हसू नका गं, पण कॉम्प्युटर मीपण बिघडवलाय. तेव्हा मी खालापूरजवळच्या एका कारखान्यात लादी पुसायला होते. थंडगार खोलीत तीन मशीनं जाड वायरीनं एकमेकांना जोडलेली, सगळ्या मालाची माहिती तिघांत मिळून ठेवलेली. कामावरची सुनंदा रोज सकाळी काहीतरी टाइप करायची, की पडद्यावर तीन ओळी यायच्या, एकेका मशीनची एकेक. मला वाचता येत नाही, पण ओळी मोजता येतात.

दसऱ्याची पूजा झाली आणि दुसऱ्या दिवशी दोनच ओळी आल्या.

साहेबांनी पुन्हा पुन्हा टाइप करून पाहिलं. "तिसऱ्याचे दिवे लागलेत, आणि पडदा म्हणतो ते मशीनच नाही! सुनंदा, काल शेवटी तू बसली होतीस. काय बदललंस?"

"काही नाही, साहेब."

"खरं सांग, नाहीतर उद्यापासून येऊ नकोस."

तिसऱ्या मशीनला हार घालताना वायर आड आली, म्हणून मीच ती उपसली होती आणि परत नुसती टेकवली होती. दुपारपर्यंत पोरीनं बोलणी खाल्ली, मी लादी पुसत राहिले. ती रडायला लागली तेव्हा कुठं माझं तोंड उघडलं. साहेबांनी वायर दाबली, तिसरी ओळ आली.

बाहेर मी तिचा हात धरला. "बाय गं, चुकले मी. तुला बिचारीला काय ठाऊक असणार..."

"सकाळपासनंच ठाऊक होतं, मावशी. हाराचं दुसरं टोक मीच धरलं होतं ना."