आईचा एचडी टीव्ही

विकणाऱ्याच्या शब्दावर विश्वास ठेवावा का रे? मी स्वतः दुकानदार, म्हणून कधीच ठेवला नाय. आई रोह्याला एकटी, दुकान माझं पेणला. तिच्या मालिकांसाठी घरातला पहिला एचडी टीव्ही घेतला, डिश बसवली. आठवड्यात तिचा फोन, "माणसांची तोंडं पुसल्यासारखी दिसतात रे."

डिशवाल्याला झापला. तो जाऊन बघून आला. "शेठ, चित्र आरशासारखं हाय!"

"माल विकल्यावर मीपण असंच सांगतो," म्हटलं. "एचडी चॅनल लावलेस की साधेच?"

बिचाऱ्याने महागडा पॅक टाकला, मग बॉक्सही बदलला. आईचं तेच, "नाय रे, तोंडं नाय दिसत." चार महिने मी पेणहून फोनवर भांडत राहिलो.

गणपतीला घरी गेलो, तिच्याशेजारी बसलो. मला नटीच्या भुवईचा केस न् केस दिसत होता. आई विचारत होती, "ही सून की सासू?"

डॉक्टर म्हणाले, "साखरेने दोन्ही डोळे गेलेत. चार महिने आधी आणायचं होतंत."

हा किस्सा तू पुढे सांगशीलच. सांग, पण हिशोब खरा ठेव. डिशवाल्याच्या नावावर काही टाकू नको, सगळं माझ्या खात्यावर लिही.